दोन्ही हात मोकळे

दादा, तू पडलास तेव्हा आपल्या घरात बसण्यासारखी वस्तूच नव्हती. एक बाज होती, ती निजायची. पाहुणा आला तर त्याला बाजेवर जागा, बाकी सगळे भुईवर. तसंही घरात बसायला होतं कोण? दिवाळीच्या पुढंमागं दाराला कुलूप लावायचं, कोंबड्या शेजारी द्यायच्या आणि टोळीबरोबर श्रीगोंद्याकडं ऊसतोडीला जायचं, ते ऊन तापायला लागलं की परत. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, एकट्या माणसाला अर्धा कोयता. अण्णा गेले आणि आई अर्धा कोयता झाली. तू नववीतून नाव काढलंस आणि तिचा कोयता पुरा केलास. मला मात्र वसतिगृहात ठेवलंत. मी आपल्या भावकीतली पहिली पदवीधर आहे, बी.ए. आहे, आणि हे सांगताना मी मान खाली घालत नाही. पण ती पदवी कोणाच्या घामातून आली तेही मला पक्कं माहीत आहे.

तू गेलास त्याला अजून महिना झाला नाही. लोक येतात, ओट्यावर बसतात, चहा घेतात आणि म्हणतात, "सुटला बिचारा." कशातून सुटला? मला या बोलण्याचा संशय येतो. तुला माहीतच आहे, मला सगळ्याचाच संशय येतो. आई म्हणते, "हिला दूध दिलं तर आधी म्हशीची चौकशी करंल." आणि तू म्हणायचास, "बी.ए.ला हाच विषय घेतला हुता का गं?"

घेतला नव्हता. घरी बसून शिकले.

उसाची मोळी डोक्यावर घ्यायची आणि ट्रकला टेकवलेल्या फळीवरून वर चढायचं, हे काम तू किती हंगाम केलंस. त्या पहाटे फळीला दहिवर होतं. फळी सरकली की तुझा पाय, यावर तुझं आणि मुकादमाचं शेवटपर्यंत जमलं नाही. तू म्हणायचास, फळी सरकली. तो म्हणायचा, पोराचा पाय चुकला. मी तिथं नव्हते, पण फळी नीट टेकवली होती हे तो न विचारता सांगायचा, त्यावरूनच मी काय समजायचं ते समजले. मणका छातीच्या खाली मोडला. त्याच्याखालचं अंग तुझं असून तुझं राहिलं नाही. दवाखान्यातून तुला आणलं ते त्या एकुलत्या बाजेवर, आणि आईची ऊसतोड बंद झाली. ती दिवसा दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची, मधेच पळत घरी येऊन तुला कुशीवर वळवायची, परत जायची. मी शेवटच्या वर्षाला होते. आई बोलायची नाही, पण मला दिसत होतं की पुढच्या दिवाळीला ती तुला माझ्यावर सोपवून पुन्हा अर्धा कोयता व्हायचा विचार करत होती.

मग तालुक्याला अपंगांचं शिबिर झालं आणि तुला चाकाची खुर्ची मिळाली. त्या दिवसाचा फोटो अजून भिंतीवर आहे. खुर्ची देणारे सगळे त्यात ओळखू येतात. तू त्यांच्या हातांमागं आहेस, तुझं अर्धं कपाळ दिसतं. खुर्ची मात्र चकचकीत, ऐसपैस. तुझ्यासारखे दीड जण तिच्यात मावले असते. आई खूश होती, चांगली मोठी दिली म्हणून. सीटवरचं प्लास्टिक आपण काढलं नाही. नवी वस्तू, कशाला काढायचं? दसऱ्याला कोयत्याशेजारी उभी करून तिला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. मग तिच्यात तुला बसवलं.

बसवलं म्हणायचं. तू तिच्यात सांडायचास. कापडी सीटला झोळ होता, त्यात तुझी कंबर मागं गडगडायची, पाठीला पोक यायचं, मान कासवासारखी पुढं. डावा हात कायम खुर्चीच्या हाताला घट्ट धरलेला. तो सोडला की तू डाव्या अंगाला कलंडायचास. म्हणून जेवायला एक हात, पाणी प्यायला एक हात, तोंडावरची माशी हाकलायला तोच हात. आई जुन्या लुगड्याची पट्टी तुझ्या छातीवरून घेऊन पाठीमागं गाठ मारायची. येणारे-जाणारे म्हणायचे, "मणकाच गेला, वाकनारच की." आपणही तेच म्हणायचो. खुर्चीला दोष द्यावा हे कोणाच्या मनात आलं नाही. फुकट आलेल्या वस्तूत खोट काढायची आपल्याला सवय नव्हती.

साळवे मॅडम पहिल्यांदा आल्या त्या दिवशीचं भांडण तू मरेपर्यंत हसत सांगायचास. नगरच्या हॉस्पिटलातून आल्या होत्या, पाठीला सॅक, पायात चपला. मणक्याला मार लागलेल्या माणसांना नीट बसवायचं, हेच त्यांचं काम. असलं काही काम असतं यावर माझा विश्वास बसला नाही. त्यांनी तुझे पाय पाहिलेच नाहीत. तुझ्या डाव्या हाताकडं बघत राहिल्या.

"हा हात सोडा बरं."

"सोडला की मी पडतो, मॅडम."

"म्हणजे तुम्ही खुर्चीवर नाही, या हातावर बसता."

मग त्यांनी टेप काढली. कमरेची रुंदी, कमरेपासून गुडघा, गुडघ्यापासून टाच, बगलेपर्यंतची उंची.

"ड्रेस शिवताय का काय?" तू म्हणालास.

"हो. बसायचा ड्रेस."

आईनं मला चुलीपाशी ओढलं. "मोजून काय करायचं तिला? खुर्ची न्यायची दिसती माघारी." मलाही तेच वाटत होतं. मी पुढं झाले आणि सरळ विचारलं, "यात तुमचं काय?"

"माझा पगार."

"आणि फोटो कधी काढणार?"

"तुम्हाला पाहिजे का?"

फोटो नको म्हणणारी बाई! माझा संशय दुप्पट झाला. आणि झालंही तसंच. पुढच्या खेपेला ती मोठी खुर्ची गेली आणि तिच्या जागी एक अरुंद, बुटकी, काळी खुर्ची आली. आईनं कपाळाला हात लावला. "ही तर लेकराची हाय. मोठी नेली न् बारकी आणून टाकली. सुमन, तुझं शिक्षण काय जाळायचंय? विचार की तिला!"

मी विचारलं. मॅडमनी शांतपणे सांगितलं, रुंद खुर्चीत कंबर इकडंतिकडं सरकते, कंबर सरकली की पाठ वाकडी होते, आणि पाठ वाकडी झाली की हात आधाराला अडकतो. पाया कलता असेल तर भिंत सरळ उभी राहत नाही, तसं. मला ते पटलं. पण पटलं असं लगेच दाखवायचं नाही, ही आपल्या घराची रीत. मी म्हटलं, "बघू."

तू मात्र दुसऱ्याच गोष्टीवर अडलास. सीटच्या झोळावर त्यांनी आधी एक लाकडी फळी टाकली, तिच्यावर गादी ठेवणार होत्या. फळी बघितली आणि तुझा चेहराच बदलला.

"मॅडम, एका फळीनं पाडलं. आता दुसरीवर बसवता व्हय?"

त्यांना काही कळेना. मी ट्रकचं सांगितलं. मग ती फळी त्यांनी अंगणात दोन विटांवर ठेवली, स्वतः तिच्यावर उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "या." मी चढले. आईला म्हणाल्या, "या मावशी." आई लुगडं आवरत चढली. आपल्या अंगणात तीन बायका एका फळीवर एकमेकींना धरून उभ्या, आणि रस्त्यानं जाणारा मोटरसायकल थांबवून बघतोय.

"बघा, मोडते का?"

"ती भुईपासनं वीतभर वर हाय," तू म्हणालास. "मी ट्रकवरनं पडलोय."

तेव्हा मॅडम पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या. आणि त्या हसल्या म्हणून असेल, तू म्हणालास, "बसवा. पन हात सोडनार न्हाई."

फळीवर गादी आली. साधी नव्हती ती, रबराची होती, मागच्या बाजूला, जिथं बसायची हाडं टेकतात, तिथं खोलगट केलेली. सीट मागं किंचित उतरती, म्हणजे अंग पुढं घसरू नये. दोन्ही कुशींना दोन लहान आधार, पायाखालच्या पट्ट्या मोजून वर घेतलेल्या. तू बोटानं तो उतार चाचपलास आणि म्हणालास, "उसाची ट्रॉली भरताना कडंच्या मोळ्या अशाच आत कलत्या ठेवत्यात. न्हाईतर वाटंत सगळा माल सांडतो." मॅडम म्हणाल्या, "तेच आहे हे." मला वाटतं तिथून तुझं त्यांच्याशी जमलं. माझं अजून जमायचं होतं.

"आता हात," त्या म्हणाल्या.

तू डावा हात खुर्चीवरून उचललास तो बोटभर. थांबलास. पडला नाहीस. मग उजवाही उचललास आणि दोन्ही हात तसेच छातीसमोर अधांतरी धरून बसलास, पोलिसानं थांबवलेल्या माणसासारखा. डावा हात कुठं ठेवायचा हे तुला सुचेना. इतके दिवस तो खुंटीच होता. आई म्हणाली, "आरं, खाली घे की आता, कोन धरायला आलं न्हाई." तू खाली घेतलास, आणि दोन्ही हातांनी पाण्याचा तांब्या उचलून प्यालास. आई आत निघून गेली. मी तिथंच उभी राहिले आणि मनात म्हटलं, थांबा, यात काहीतरी असणार.

तुला पाहिजे होतं ते एकच: काम. कोणी ताट आणून द्यावं आणि आपण खावं, हे तुला जमत नव्हतं. आणि आई पुन्हा उसाला जायला निघाली होती, ते तुला माझ्याआधी दिसलं होतं. पहिला हंगाम तिनं खुरपणीवर कसाबसा काढला होता, दुसरा निघणार नव्हता. दसऱ्याच्या आधी आपल्या भागातल्या टोळ्या कोयते नीट करून घेतात. मूठ ढिली झालेली, धार गेलेली. तुला ते काम येत होतं. ग्राइंडर एका हातानं चालत नाही, मूठ एका हातानं ठोकता येत नाही. आता दोन हात होते. तू रस्त्याकडच्या अंगाला पत्रा टाकून घेतलास, मांडीवर ठिणग्या पडल्या तर कळायचं नाही म्हणून मॅडमनी ओलं गोणपाट आणि त्यावर लाकडी पाट ठेवायला लावला. कोयते यायला लागले. तुझ्या तोंडावर रंग आला.

आणि पावसाळ्यात बूड फुटलं. बसायच्या हाडावर आधी लालसर डाग, मग जखम. तुला ती दुखायची नाही, तेच तर वाईट. आईला तुला पुसताना दिसली. मॅडम आल्या, जखम पाहिली, गादी उलटीपालटी करून पाहिली, चक्रावल्या.

"गादीवर काही घालता का?"

"न्हाई," आई म्हणाली.

"काहीच?"

"काय बी न्हाई," तू म्हणालास. मीही नाही म्हटलं.

त्यांनी तुला पोटावर झोपून राहायला सांगितलं आणि त्या गेल्या. मग आपल्या घरात संशयाचा नुसता धूर झाला. मी म्हणत होते, गादी कोणाची तरी वापरलेली आणून दिली. आई म्हणत होती, बारकी खुर्ची, रुततीय, मोठी होती तेव्हा असं झालं नव्हतं. झालं होतं, दोनदा, पण ते तिनं मोजलं नाही. आणि तू, पोटावर पडून, तोंड उशीत घालून म्हणालास, "मी खाटंवर पडून ऱ्हायलो की कोनाकोनाला बरं हाय ते कळतंय मला." मी तुला नगरच्या एखाद्या आश्रमात टाकून नोकरीला जाईन असं तुला वाटत होतं. आपण आठवडाभर एकमेकांशी बोललो नाही, आठवतं?

जखम जरा सुकली की तू बसायचास. बसलास की परत उघडायची. दसरा जवळ येत होता. पत्र्याखाली लोकांचे कोयते पडून होते, आणि मुकादमाचा निरोप आला की आईचं नाव टोळीत धरू का. आई हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही.

मग एका बाजाराच्या दिवशी साळवे मॅडम न सांगता आल्या. दुसऱ्या वस्तीवर आल्या होत्या, जाता जाता डोकावल्या. तू ऐकलं नव्हतंस, कोयता घेऊन बसलाच होतास. त्या तुझ्या मागं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे काय आहे?"

"काय?" आई म्हणाली.

"गादीवर."

आईनं पाहिलं. मी पाहिलं. तू मान वळवून पाहिलंस. आपल्या तिघांनाही तिथं काही दिसलं नाही.

"ही गोधडी."

"मग?" आई म्हणाली. "गोधडी हाय."

दादा, मी याचा किती विचार केला असेल. आपण खोटं बोललोच नव्हतो. गोधडी म्हणजे 'काही' नव्हतीच आपल्या लेखी. जिथं अंग टेकणार तिथं खाली गोधडी असणारच, ती काय सांगायची गोष्ट आहे? अण्णांचं धोतर, आईची जुनी लुगडी, चार पदरी घडी. रबर तापतं, माणूस कसा बसेल नुसत्या रबरावर, म्हणून आईनं पहिल्याच दिवशी घातली. आणि मॅडम यायच्या म्हटलं की फाटकी गोधडी नव्या खुर्चीवर बरी दिसत नाही, म्हणून काढून ठेवायची. लपवायला नव्हे, पाहुण्याला चांगलं दिसावं म्हणून. त्यामुळं त्या बाईला ती कधी दिसलीच नाही.

मॅडमनी तुझ्या खाली हात घातला, मग माझा हात धरून तिथं घातला. गादीचा तो खोलगट भाग गोधडीच्या घड्यांनी गच्च भरून गेला होता. जिथं हाडाला मोकळं सोडायचं तिथंच टाक्यांची जाड शिवण आली होती. माझ्या बोटाला ती दोरीसारखी लागली. मला जे कळायचं ते तेव्हा कळलं. मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मी चुकीचं विचारलं. गोधडी घालता का, असं विचारायला पाहिजे होतं."

आई मात्र फार दुखावली. "माझ्या गोधडीनं लेकराला जखम झाली म्हनती ती. आख्खा जन्म गोधडीवर गेला आमचा, कुनाला झाली जखम?" तिला मॅडमनी समजावलं, मी समजावलं. तिला कळलंही असेल. पण तिनं त्या बाईला पुरतं माफ केलं नाही. चहा द्यायची, पण साखर कमी टाकायची, हे मी स्वतः पाहिलंय.

खरा निकाल तूच दिलास. आईला जवळ बोलावलंस. "आई, थंडीत पांघरायला दे मला ती. खाली नगं. खाली माझी हाडं नीट बसली तर तू घरी नीट बसशील. मुकादमाला सांग, नाव धरू नगं म्हनावं." आईनं गोधडी झटकली, घडी केली, आत नेली. आणि तू परत पोटावर झोपलास, या खेपेला कुरकुर न करता, जखम पुरी भरेपर्यंत. पोटावर झोपूनही तू गप्प कुठला बसतोस? बाजेच्या कडेवरून हात खाली सोडून मुठी तासायचास.

त्या दिवाळीला आपल्या भागातल्या टोळ्या निघाल्या तेव्हा त्यांच्यातले बरेच कोयते तुझ्या हातचे होते. आई रस्त्यावर उभी राहून ट्रक जाताना बघत होती. तिच्या डोक्यावर बोचकं नव्हतं.

त्यानंतरचा तू मला सगळ्यात जास्त आठवतोस. अंग एकाच जागी दाबून राहू नये म्हणून मॅडमनी तुला मधून मधून पुढं वाकायला सांगितलं होतं. तू घड्याळ बघणारा माणूस नव्हेस. तू आपलं ठरवलंस, एक कोयता झाला की एकदा वाकायचं, छाती मांडीवर टेकेपर्यंत, मग एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. नवं गिऱ्हाईक गोंधळायचं. कोयता हातात दिला की हा माणूस कमरेत वाकून नमस्कार करतो, म्हणून तेही बिचारं वाकायचं. तू खाली मान घालून हसायचास आणि त्याला सांगायचासही नाहीस.

संशय तुझाही काही कमी नव्हता. लोक कीव करून कोयते आणतात की काय, हे तुला कायम खायचं. एक मुकादम चांगली धार असलेला कोयता घेऊन आला, तेव्हा तू पात्यावरून अंगठा फिरवलास आणि त्याच्याकडं परत सरकवलास. "ह्याला धार हाय. दया आली आसंल तर देवळात जा, तिथं पेटी हाय." तो इतका ओशाळला की घरी जाऊन खरोखरचे बोथट कोयते पोतंभर घेऊन आला.

आणि मंदा. ती खालच्या वस्तीवरची, नवरा वारलेली, अर्ध्या कोयत्यावर उसाला जाणारी. तिच्या कोयत्याची धार इतक्या लवकर कशी जायची, हा संशय मला तेव्हाही होता आणि आजही आहे. हंगाम नसताना कोयता कशावर चालवत होती ती? मी एकदा तुला विचारलं तर म्हणालास, "लोखंड हलकं हाय तिचं." लोखंड कसलं हलकं! ती आली की तुझं ग्राइंडर हळू चालायचं. दहाव्याला ती आली होती. बायकांत बसली नाही, पत्र्याखाली उभी राहिली, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. मी जवळ गेले तर म्हणाली, "त्यांच्या हातची धार टिकायची, ताई." मग टिकायची तर तू इतक्यांदा का यायचीस, असं माझ्या तोंडावर आलं होतं. मी गिळलं.

आपलं एक भांडण अर्धंच राहिलं. मला नगरला चांगली जागा मिळत होती आणि मी इथंच तालुक्याच्या कॉलेजच्या ऑफिसात राहिले. तू म्हणायचास, माझ्यासाठी राहिलीस. मी म्हणायचे, नाही. "मग?" "मला नगरची हवा मानवत नाही." "बी.ए. झाली पन खोटं बोलाया शिकली न्हाईस." दर दिवाळीला हेच. खरं सांगायचं तर, दादा, थोडी तुझ्यासाठी राहिले आणि थोडी मला तुझ्याशी भांडायला आवडायचं म्हणून. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं की नाही, माहीत नाही. सांगितलं असतं तर तू दोन दिवस माझ्याशी गोड बोलला असतास, आणि मला ते सोसलं नसतं.

आता माझा शेवटचा संशय. तुला ताप होता, तो तू लपवलास. डॉक्टर म्हणाले, लघवीतलं इन्फेक्शन किडनीत गेलं, आठवडाभर तरी अंगात मुरत असणार. आठवडाभर! आणि तू त्या आठवड्यात ग्राइंडर चालवत होतास, दुपारच्या उन्हात स्वेटर घालून. मी विचारलं तर म्हणालास, "वारं गार हाय." कुठं होतं गार वारं? टोळ्या निघायच्या होत्या, कोयते पडले होते, म्हणून बोलला नाहीस. बरोबर ना? मला तुझा राग आहे. तुझं तोंड सरळ होतं, पाठ सरळ होती, हात चालत होते, त्यामुळं मीही फसले. आजारी माणूस पोक काढून बसतो असं मला वाटायचं, आणि तू ताठ बसायचास.

परवा चुलते म्हणाले, खुर्ची तशीच पडलीय, त्या वरच्या वस्तीवर झाडावरून पडलेला माणूस आहे, त्याला देऊन टाक, पुण्य लागेल. मी नाही म्हटलं. सगळ्यांना वाटलं, बहीण जीव अडकवून बसली. तसं नाही. मी त्यांना म्हटलं, त्याची कंबर म्हणजे दादाची कंबर नव्हे. मी साळवे मॅडमना फोन केला. त्या येऊन त्याचं माप घेणार आहेत, या खुर्चीतलं काय त्याला चालतं आणि काय नाही ते बघणार आहेत. मी बरोबर जाणार आहे. त्याच्या घरच्यांना विचारायच्या काही गोष्टी मॅडमच्या लक्षात येणार नाहीत, माझ्या येतील. त्या घरातली बाई मला विचारेलच, "यात तुमचं काय?" तिनं विचारावं. न विचारणाऱ्या घरांचीच मला काळजी वाटते.

तू चालला नाहीस. तशी आशा तुला कोणी दाखवली की तू त्याला हाकलून द्यायचास, आणि ते बरोबरच होतं. जे झालं ते एवढं: मणका मोडल्यावर तू सरळ बसलास, दोन्ही हातांनी काम केलंस, आणि आईला पुन्हा ऊसतोडीला जावं लागलं नाही.